टाचणीची सर्व्हिस कशी आहे?

व्हॉलीबॉल भिंतीवरून पलीकडे गेला आणि मैदानावरच्या सगळ्या मुलींनी एकदम जीभ चावली. भिंतीपलीकडे मोठा रस्ता होता. आता काच फुटल्याचा आवाज येणार, म्हणून सगळ्या कान टवकारून उभ्या राहिल्या.

आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने शाळेच्या फाटकातून एक माणूस आत आला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, एका हातात बॉल आणि दुसऱ्या हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी काळं, जाडजूड. चेहऱ्यावर राग असायला हवा होता. पण नव्हता.

"हा कोणी मारला?"

क्रीडाशिक्षिका मुलींच्या पुढे येऊन उभी राहिली. या हायस्कूलमध्ये तिचं हे दुसरंच वर्ष. "मी मारला," ती म्हणाली.

"नाही हो, मी मारला!" मागून एक बारीक आवाज आला. नववीतली ही मुलगी इतकी सडपातळ, की सगळी शाळा तिला टाचणीच म्हणायची. "मॅडम उगाच माझ्यावर पांघरूण घालतायत."

"ताशी एक्केचाळीस किलोमीटर," तो टाचणीला म्हणाला.

"काय?"

"तुझ्या बॉलचा वेग. मी एका ट्रकवर नेम धरून उभा होतो, मध्येच हा आला. मशीनने ट्रक सोडून याचाच आकडा दाखवला."

क्रीडाशिक्षिकेला राहवलं नाही. "एक्केचाळीस म्हणजे... चांगला की वाईट?"

"सायकलला चांगला आहे. बॉलचं तुम्हाला माहीत." त्याने बॉल तिच्या हातात दिला. "पण तुम्ही खोटं का बोललात?"

"बॉल भलतीकडे गेला तर तो कोचने मारलेला असतो."

"आणि बरोबर जागी पडला तर?"

"तर मुलींनी."

तो हसला. हसताना त्याने मान जरा खाली घातली, जणू हसणं ही काही चारचौघांत करायची गोष्ट नव्हे. तेवढंच. पण संध्याकाळी स्कूटरची किक मारताना तिला ती खाली घातलेली मान आठवली, आणि स्वतःचाच राग आला.

रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजणारी यंत्रं बसवणं, तपासणं, बिघडली तर दुरुस्त करणं, हा त्याचा धंदा. शाळेजवळच्या वळणावर फार अपघात व्हायचे, म्हणून त्याला इथे पाठवलं होतं. काम संपलं की दुसरं गाव. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला तो पुन्हा फाटकात उभा राहिला, आणि यावेळी बॉल काही बाहेर गेलेला नव्हता.

"हे हातातलं यंत्र रोज तपासून बघावं लागतं," तो म्हणाला. "गाड्यांवर तपासलं काय नि बॉलवर तपासलं काय... तुमची हरकत नसेल तर."

हरकत कसली! तिच्या मुलींचं दुखणंच ते होतं. अडवायला त्या वाघिणी, पळायला हरणं. पण सर्व्हिस करायची वेळ आली की बॉल असा अलगद जायचा, जणू पलीकडच्या संघाला आग्रहाने वाढत होत्या. गेल्या वर्षी नदीपलीकडच्या शाळेने त्यांना त्यावरच लोळवलं होतं. 'सर्व्हिसचा वेग वाढवा' म्हणून ती घसा कोरडा करायची, पण वाढला की नाही हे डोळ्यांनी थोडंच कळतं?

मुलींनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी ठेवून टाकलं — रडार सर.

मग रोजचाच परिपाठ सुरू झाला. तो जाळीच्या मागे एका मोडक्या बाकावर यंत्र रोखून बसायचा आणि ती मुलींना शिकवायची. "हाताने मारू नका गं, पायाने मारा! जोर जमिनीतून येतो. आधी पाय, मग कंबर, मग खांदा. हात म्हणजे शेवटचा डबा, इंजिन खाली आहे." टाचणी बॉल डोक्याच्या मागे उडवायची, मग तो गाठायला पाठ वाकवायची, आणि सगळा जोर तिथेच सांडायचा. म्हणून तिला काही दिवस मारायलाच बंदी. तिच्या उजव्या पायापुढे टॉवेल घालून ठेवला. बॉल उडवायचा आणि तो पुन्हा पुन्हा टॉवेलवरच पडला पाहिजे. नेम बसायला लागला तेव्हा कुठे हात वर गेला. कोपर कानापाशी, बोटं ताठ, आणि बॉलवर तळव्याचा टणक भाग.

"सत्तेचाळीस!" बाकावरून आवाज आला आणि टाचणीने मैदानाला एक फेरीच मारली.

तिथेच बिनसलं. मुलींना आकड्यांचं वेड लागलं. मारलं की मान बाकाकडे. बॉल जाळीत गेला काय, रेषेबाहेर गेला काय, कुणाला सोयरसुतक नाही, "सर, किती? सर, माझा किती?" एवढंच. एका संध्याकाळी आठ-दहा बॉल सलग बाहेर गेले आणि तिचा तोल गेला.

"तुमच्या मशीनने माझ्या मुली बिघडवल्या," ती तरातरा बाकापाशी जाऊन म्हणाली. "वेगाचं काय लोणचं घालायचंय? बॉल आत तर पडायला हवा!"

तो बाकावरून उठला. सामान आवरून निघून गेला. रात्रभर तिला वाटत राहिलं, आपण जरा जास्तच बोललो. घरी ताटातलं अन्न तिने नुसतंच चिवडलं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली तर तो आधीच बाकावर होता. यंत्राच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावलेली.

"आता आकडा आपोआप साठत जातो," तो म्हणाला. "बॉल आत पडला तरच मी ठेवतो, बाहेर गेलेला बटण दाबून पुसतो. आणि सांगणार फक्त तुम्हाला, सगळं संपल्यावर. चालेल?"

"...मी काल फार ओरडले."

"हो."

"'नाही हो, कुठे' असं म्हणायचं असतं अशा वेळी."

"मोजमापात मला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा ती मान खाली गेली.

त्यानंतर मुली घरी गेल्यावर आकडे सांगायला तो मागे राहू लागला. आकडे सांगायला कितीसा वेळ लागतो? पण ते संपायचेच नाहीत. मध्येच तो एखाद्या गावाच्या घाटाबद्दल बोलायचा, मध्येच ती विचारायची, "इतकी गावं फिरलात, कुठे राहावंसं नाही वाटलं?" आणि तो उत्तर द्यायच्या ऐवजी बॉलमधली हवा बोटाने दाबून बघायचा.

एकदा भुरभुर सुरू झाली. त्याच्यापाशी छत्री होती. ती त्याने उघडून यंत्रावर धरली आणि स्वतः भिजत बसला.

"माणसापेक्षा मशीनची काळजी जास्त?" ती ओढणी डोक्यावर घेत म्हणाली.

"मशीन कचेरीचं आहे. त्याचा जाब द्यावा लागतो. माझा जाब कोण विचारणार?"

"मी विचारते. सरका." ती त्याच्या शेजारी बसली आणि छत्रीची दांडी तिने आपल्याकडे ओढली, इतकी की ते दोघं आणि यंत्र कसेबसे आत मावले. त्याच्या बाहीचा ओला वास येत होता. दोघंही समोरच्या रिकाम्या जाळीकडे असे टक लावून बघत बसले, जणू तिथे अटीतटीचा सामना चाललाय.

घरी बाबांच्या कानावर हे गेलंच. बाबा शिंपी; संघाचे कपडे त्यांनीच शिवले होते, आणि मापं द्यायला आलेल्या मुलींची तोंडं कोण बंद करणार? "कोणीतरी मशीनवाला येतो म्हणे मैदानावर," ते काजं करता करता म्हणाले. "कोणतं मशीन? पायाचं की मोटरचं?"

"बाबा! शिलाईचं नाही. वेग मोजायचं."

"असं होय. मग सांभाळून. तुझ्या बोलण्याचा वेग हल्ली फार वाढलाय."

एक गोष्ट मात्र तिने त्याच्यापासून लांबच ठेवली होती. ती स्वतः कधी सर्व्हिस करून दाखवायची नाही. कोपर असं, पाऊल असं, एवढं हवेत दाखवायची आणि बॉल मुलीच्या हातात द्यायची. एकेकाळी तिच्या सर्व्हिसने पलीकडच्या मुलींच्या तोंडचं पाणी पळायचं. राज्याच्या संघात निवड व्हायची होती, त्याच वर्षी उजवा खांदा निखळला. टाके पडले, महिनोन्‌महिने व्यायाम झाला, डॉक्टर म्हणाले, आता खेळ. पण हात वर नेला की मनच मध्ये यायचं.

"तुमची किती असेल?" त्याने एकदा सहज विचारलं होतं.

"मी आता नाही खेळत," एवढं म्हणून ती जाळी सोडायला निघून गेली होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच मैदानावर आली. का आली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. रेषेमागे उभी राहिली. बॉल उडवला, पण नुसताच झेलला. पुन्हा उडवला, पुन्हा झेलला. तिसऱ्या खेपेला डोळे मिटल्यासारखं करून तिने पाऊल टाकलं, कंबर वळली, हात आपसूक वर गेला... आणि तो जुना आवाज आला. खणखणीत. बॉल जाळीवरून सपाट गेला आणि कोपऱ्यात पडून धूळ उडवून गेला.

ती खांदा धरून तशीच उभी राहिली. दुखत नव्हता. काही म्हणजे काहीच दुखत नव्हतं.

मागे वळली तर फाटकापाशी तो. हातात यंत्र.

"किती?" तिने विचारलं.

"बंद होतं."

"हातात तर धरलंय!"

"हो. चालू करायचं राहिलं." तो जरा थांबला. "बघत होतो."

तिने धावत जाऊन बॉल आणला आणि तो कुर्त्याला पुसत राहिली. स्वच्छ झाला तरी पुसतच राहिली.

नदीपलीकडच्या शाळेशी सामना झाला तेव्हा त्याचं काम संपलं होतं, यंत्रं खोक्यांत बांधून झाली होती. तो रिकाम्या हातांनी मैदानाच्या कडेला उभा होता. हातांचं काय करावं ते न कळून एकदा खिशात, एकदा पाठीमागे. शेवटच्या डावात मुली मागे पडल्या होत्या आणि सर्व्हिसला आली टाचणी. तिने बाकाकडे पाहिलं नाही, मॅडमकडेही नाही. बॉल उडवला आणि मारला. पलीकडची मुलगी हात जोडून तयार होती, पण बॉल तिच्या मनगटांवरून सटकून थेट मागच्या झाडाकडे. पुन्हा तीच. पुन्हा तीच! पलीकडच्या कोचने खेळ थांबवून मुलींना मागे सरकायला सांगितलं, तर टाचणीने पुढे जागा बघून बॉल अलगद टाकला. सामना संपला तेव्हा मुलींनी मॅडमला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि सगळ्याजणी एकावर एक पडल्या.

त्या ढिगाऱ्यातून कशीबशी बाहेर येऊन तिने आधी त्याला शोधलं. तो जीपमध्ये शेवटचं खोकं ठेवत होता.

"लगेच निघालात?"

"उद्या सकाळी तिकडे हजर व्हायचंय." त्याने गाव सांगितलं. लांबचं होतं. एसटीने गेलं तर अख्खा दिवस खाणारं. "तुमच्या मुली... फार छान खेळल्या."

"हो."

तो जीपच्या दारावरचा चिखल नखाने खरवडत राहिला. ती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. आता बोलेल, आता बोलेल... तिचा सगळा जीव कानांत आला होता.

"टाचणीची सर्व्हिस कशी आहे, ते विचारायला... कधी फोन केला तर चालेल?"

"चालेल की," ती म्हणाली. "मुलींना आनंद होईल."

मुलींना! जीप वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. मुलींना म्हणे!

फोन रविवारी यायचा. दुपारी, बाबांचं जेवण होऊन ते आडवे झाले की. "टाचणीची सर्व्हिस कशी आहे?" हा पहिला प्रश्न ठरलेला. ती सांगायची: आता उडी मारून करायला शिकतेय, नेम चुकतो, पण अंगात रग आहे. तो सांगायचा: इथे धूळ फार, यंत्राची काच सारखी पुसावी लागते. मग दोघंही गप्प. त्या गप्पपणात तिला त्याच्या मागची वाहनं ऐकू यायची, आणि वाटायचं, ती वाहनं तरी बरी, त्याच्या जवळून जातात. "बरं मग..." तो म्हणायचा. "बरं," ती म्हणायची. आणि सोमवारपासून पुन्हा रविवारची वाट.

मैदानावरचा बाक तसाच होता. मुली त्यावर दप्तरं ठेवायच्या. तिला ते आवडायचं नाही, पण कोणत्या तोंडाने सांगणार की ती जागा रिकामी ठेवा म्हणून?

मग परीक्षा आल्या. खेळ बंद झाला.

"टाचणीची सर्व्हिस कशी आहे?"

"परीक्षा चाललीय. सध्या सर्व्हिस नाही."

पलीकडे एक ट्रक घरघरत निघून गेला. मग, "असं... मग पुढच्या रविवारी विचारतो."

फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ खिडकीत उभी होती. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. विचारायला काही उरलं नव्हतं, तरी त्याला विचारायचं होतं. मग ती का नाही बोलली? पुढच्या वेळी बोलायचंच, असं तिने मनाशी घोकलं. शब्द जुळवून ठेवले. आंघोळ करताना, स्कूटर चालवताना ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले.

आणि त्या रविवारी फोनच आला नाही.

दुपार गेली. तिने फोन तीनदा उघडून पाहिला, आवाज बंद तर नाही ना. शेवटी लाज गुंडाळून तिने स्वतः लावला, तर बाई सांगायला लागली, संपर्क होऊ शकत नाही. घाटरस्ते, ट्रक, वळणं... नको नको ते डोळ्यांसमोर नाचायला लागलं. चहा गार झाला, पोळी करपली. बाबा करपलेली पोळी खात राहिले.

सोमवारी सकाळी ती शाळेला निघतच होती, तेव्हा फोन वाजला. "काल डोंगरातल्या रस्त्यावर काम होतं, रेंजच नव्हती... काल फोन..."

"काही नाही," ती म्हणाली. "काही नाही. बरे आहात ना?" आणि जुळवलेल्या शब्दांतला एकही तोंडातून फुटेना. फोन ठेवून ती पायरीवरच बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली.

बाबांनी मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर सरकवला. "पोरी, परीक्षा संपल्या ना गं?"

"हो."

"टाचणी तर मामाकडे गेलीय सुट्टीला. परवाच तिची आई पिशवी शिवून घेऊन गेली. मग हा रविवारी नेमकी कोणाची सर्व्हिस विचारतो?"

रडता रडता तिला हसू फुटलं. "बाबा, तुम्हाला इथे एकटं टाकून मी कुठे —"

"मी कपडे शिवतो," बाबा म्हणाले. "पोरींचे पाय नाही शिवून ठेवत. आणि लग्न म्हटलं की लगेच घर सोडायचं, हे तुला कोणी सांगितलं? त्याच्या यंत्राला सगळीकडे रस्ते सारखेच. आधी त्याला विचार तरी!"

शिक्षकांनाही सुट्टी लागली त्याच आठवड्यात ती पहाटेच्या एसटीत बसली. कामाची जागा त्याने बोलता बोलता सांगितली होती: रेल्वेपुलाच्या उतारावर, पेट्रोल पंपासमोर, मोठ्या चौकाच्या अलीकडे. संध्याकाळी ती पंपापाशी उतरली तेव्हा सगळं अंग आंबलं होतं आणि केसांत धूळ होती.

तो रस्त्याच्या पलीकडे होता. तेच चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. जरा बारीक झालेला. यंत्र रोखून उतारावरच्या गाड्या टिपत होता. एकाएकी यंत्र खाली आलं. त्याने तिला पाहिलं होतं.

मधून गाड्यांचा लोंढा चालला होता. ट्रक, बस, टेम्पो, पुन्हा ट्रक. तो रस्त्याच्या कडेला आला, एक पाऊल पुढे टाकलं, कर्कश भोंगा वाजला, तो मागे झाला. ओरडून त्याने काहीतरी विचारलं.

"काय?" ती ओरडली.

"सगळं ठीक आहे ना?" एवढं दोन बसच्या मधून कसंबसं पोहोचलं. "टाचणी — बरी आहे ना?"

टाचणी! अख्खा दिवस एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली, आणि हा टाचणीचं विचारतोय! तिचा संयम सुटला.

"मी टाचणीचं सांगायला नाही आले!" ती तोंडाभोवती हात धरून ओरडली. ट्रक गेला. "मी — लग्नाचं —" बस गेली. त्याने कानाला हात लावला, मान हलवली. तिने होता नव्हता तेवढा श्वास छातीत भरला. आणि नेमका त्याच क्षणी चौकातला दिवा लाल झाला.

"मी लग्नाचं विचारायला आलेय!"

सगळा रस्ता थांबला होता. तिचा आवाज पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आला. स्कूटरवरच्या एका बाईने हेल्मेट काढून नीट बघितलं. टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं आणि पलीकडे हाक दिली, "अहो साहेब, बघता काय? उत्तर द्या, दिवा हिरवा होईल!"

तो थांबलेल्या गाड्यांमधून वाट काढत आला. तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागली होती, इतकासा रस्ता ओलांडूनही.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

म्हणालीस. आजवर ते कायम 'म्हणालात' होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. त्या टेम्पोवाल्यालाही आलं." त्याने मान खाली घातली नाही. सरळ तिच्याकडे बघत होता. "पण किती रविवार ते म्हणायचा प्रयत्न करतोय मी... तूच पुन्हा म्हण ना."

तिने पुन्हा म्हटलं. यावेळी अगदी हळू, त्याला एकट्याला ऐकू जाईल इतकंच.

दिवा हिरवा झाला होता. सगळ्या गाड्या एकदम सुटल्या, भोंग्यांनी चौक दणाणून गेला, आणि त्याने काय उत्तर दिलं ते तिला मुळीच ऐकू आलं नाही. त्याच्या ओठांवरून कळलं.